मागे धावू नका

मी बदामी. खडकीच्या क्वार्टर्समध्ये राहणारी एक गावठी कुत्री. रंग विचाराल तर तो नावातच आला. आता तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेत, मागचा एक पाय थंडीत आखडतो. सांगायचं ते वेळेवर सांगून टाकावं, म्हणून बोलतेय.

माझा जन्म येरवड्यातला. एका इमारतीचं बांधकाम चाललं होतं, तिथे सेंट्रिंगच्या फळ्यांच्या ढिगाआड आईनं आम्हाला जन्म दिला. पिल्लं बरीच होतो, जगलो दोघंच. मी आणि माझा भाऊ. कामावरच्या बायका भाकरीचे तुकडे टाकायच्या. माणूस म्हणजे भाकरी, एवढंच तेव्हा आम्हाला ठाऊक होतं.

मग इमारत पुरी झाली. बायका आपलं चंबूगबाळं उचलून दुसऱ्या कामावर गेल्या. नवी माणसं राहायला आली, त्यांच्या मोटारी आल्या, आणि आम्ही नकोसे झालो. एका दुपारी काही जण काठ्या आणि पोती घेऊन आले. आई मध्ये उभी राहिली. पुढचं मी सांगत नाही. माझ्या मागच्या पायावर काठी बसली, भावाचा कान फाटला. वरच्या मजल्यावरची एक बाई ओरडत खाली आली, तिनं कुणाला तरी फोन केला, आणि संध्याकाळी आम्ही दोघं शहराबाहेरच्या एका निवाऱ्यात होतो. आई आमच्याबरोबर नव्हती.

निवाऱ्यात निकिता भेटली. ती तिथल्या कुत्र्यांना माणसांची सवय लावायची, आणि एखादं कुत्रं कुणाच्या घरी गेलं की त्या घरीही जाऊन यायची. आमच्या पिंजऱ्यापाशी आली की आमच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायची. हाक नाही, चुचकारणं नाही. उकडलेल्या चिकनचे तुकडे मागच्या मागे टाकायची आणि आपली मोबाइलमध्ये बघत राहायची. माणूस आपल्याकडे बघत नाहीये याचं केवढं बरं वाटतं, ते भ्यालेल्यालाच कळेल. आमची नावंही तिचीच. मी बदामी, भाऊ खारीक.

खारीक देखणा होता, फाटक्या कानासकट. त्याला माझ्याआधी घर मिळालं. बागेचा बंगला, हौशी माणसं. गाडीत बसताना त्यानं मागे वळून पाहिलं. मी जाळीला नाक लावून उभी होते.

थोड्याच दिवसांनी मलाही न्यायला माणसं आली. करीमभाई दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते. त्यांच्या बायकोनं, मेहजबीनभाभींनी, माझा हट्ट धरला होता. मुलगी लग्न होऊन नांदेडला गेली होती आणि शिलाई मशीनच्या आवाजाशिवाय दुपारी त्या घरात काही नसायचं. तिसऱ्या करीमभाईंच्या आई, नाजिमाबी. घरात सगळे त्यांना अम्मी म्हणत. मी घरात शिरले तेव्हा त्या आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या.

"ही माझी नमाजची खोली," त्या म्हणाल्या. "इथे तिचा पाय पडता कामा नये. बाकी तुमचं तुम्ही बघा."

पाय पडायचा प्रश्नच नव्हता. मी जी दिवाणाखाली गेले ती गेलेच. भांडं पडलं की थरथरायचे, पंखा फिरला की थरथरायचे. सगळे झोपले की खायचे. शेजारच्या क्वार्टरमधले जयसिंगकाका मला बघायला आले आणि वाकून वाकून दमले. "कुत्रं आणलंत म्हणे," ते म्हणाले. "छान आहे. दिसत नाही, तेवढं सोडलं तर."

एका रविवारी करीमभाईंनी ठरवलं, हिला आंघोळ घालायची. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. दिवाणाखाली हात घातला, गळपट्टा धरला आणि ओढलं. मला तो हात दिसलाच नाही. मला येरवड्याची दुपार दिसली. मी चावले.

मनगटातून रक्त आलं. "उद्याच्या उद्या परत सोडून येतो हिला!" करीमभाई ओरडले. दवाखान्यात जाऊन सुई घेऊन आले तरी त्यांचा राग गेला नव्हता. भाभी दिवाणापाशी बसून रडत होत्या. मग त्यांनीच निकिताला फोन केला.

निकिता संध्याकाळीच आली. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. आधी करीमभाईंची पट्टी पाहिली, विचारपूस केली. मग म्हणाली, "करीमभाई, समजा तुमची बदली झाली. नव्या जागी पहिलाच दिवस. साहेब आले, काही न बोलता तुमच्या कॉलरला धरलं आणि फरफटत नेऊन खुर्चीत बसवलं. कसं वाटेल?"

"मी काही चावणार नाही," करीमभाई म्हणाले.

"मनातून?"

ते हसले नाहीत. पण परत सोडून यायची गोष्ट त्या दिवशी पुन्हा निघाली नाही.

त्यानंतर निकिता येत राहिली. शिकवायला येते म्हणायची मला, पण शिकवायची त्या दोघांना. वरून हात आणू नका, खालून आणा. ती येते का बघा, तुम्ही जाऊ नका. खाताना तिच्या भोवती उभे राहू नका. व्हरांड्यात तिनं एक तरट अंथरलं. मी चुकून त्यावर पाय ठेवला की तुकडा मिळायचा. बसले की आणखी एक. त्या तुकड्यांबरोबर एक शब्दही मिळायचा, "जागेवर." पुढे पुढे तो शब्द ऐकला की अंगातली थरथर कमी व्हायला लागली. या मोठ्या जगात एवढी एक जागा अशी होती, की तिथून मला कुणी उठवत नव्हतं.

अम्मी मला हात लावत नसत, माझ्याशी बोलत नसत. पण त्यांचं जेवण झालं की चपातीचा शेवटचा तुकडा त्या व्हरांड्याच्या उंबऱ्यावर ठेवून आत जायच्या. उंबऱ्यापाशी थांबायच्या नाहीत.

मग एक दिवस निकिता आली आणि तिच्या पिशवीला खारीकचा वास होता. मी तरटावरून उठले, पिशवीत तोंड घातलं. आत त्याचा गळपट्टा होता. नुसता गळपट्टा. निकिता व्हरांड्यातच खाली बसली.

"खारीक गेला," ती भाभींना म्हणाली. "पाहुणे आले होते, फाटक उघडं राहिलं. तो बाहेर पडला. घरातली झाडून सगळी त्याच्या मागे धावली, 'खारीक, खारीक' करत. त्यांना वाटत होतं आपण बोलावतोय. त्याला फक्त पाठीमागे धावणारी माणसं दिसली. तो हायवेवर गेला."

भाभींनी तोंडाला पदर लावला.

"चांगली माणसं आहेत हो ती. मी म्हणाले होते, अधूनमधून येत जाईन. ते म्हणाले, गरज नाही, खूप शांत आहे तो. शांत नव्हता. भ्यालेला होता. मी आग्रह धरायला हवा होता."

मग अम्मींचा आवाज आला. त्या आतल्या दारात उभ्या होत्या. "धावायचं नाही, तर मग काय करायचं, बेटा?"

निकितानं डोळे पुसले. "खाली बसायचं, आजी. पाठ करून. तिच्या वासाचं काही असेल ते जवळ ठेवायचं. आणि वाट बघायची. फार अवघड असतं ते. पाय धावायलाच बघतात."

मी गळपट्ट्याशेजारी पडून राहिले. निकिता जाताना तो माझ्यापाशी ठेवून गेली. वास जाईपर्यंत तो माझ्याजवळ होता.

निवडणुकीचे दिवस होते. निकाल लागला त्या दुपारी भाभी मला फिरवत होत्या. कोपऱ्यावर अचानक गुलाल उधळला आणि फटाक्यांची माळ लागली. मी एवढ्या जोरात झटका दिला की भाभी पडल्या आणि दोरी त्यांच्या हातातून सुटली. पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही. रस्ता, हॉर्न, चाकं, माणसांचे पाय. थांबले तेव्हा मी स्टेशनपलीकडे होते, रुळांच्या कडेला रचून ठेवलेल्या सिमेंटच्या स्लीपरांच्या मागे.

थोड्या वेळानं माणसं आली. क्वार्टर्समधली, ओळखीच्या वासाची, पण धावत येणारी. "बदामी! ए बदामी!" एकाच्या हातात काठीही होती, कदाचित गवत बाजूला करायला. मी मागे सरकले. मागे रूळ होते. माणसं पुढे आली, मी आणखी मागे सरकले. लांबून गाडीची शिटी ऐकू आली.

"थांबा!" हा करीमभाईंचा आवाज होता. "कोणी धावू नका! जयसिंगकाका, पाया पडतो तुमच्या, सगळ्यांना घेऊन मागे जा!"

पाय थांबले. करीमभाई होते तिथेच मटकन खाली बसले, माझ्याकडे पाठ करून, खडीवर. गाडी येऊन धडधडत गेली. माझं अंग हाललं, पण मी मागे गेले नाही. मागे ढकलणारं आता कुणी नव्हतं.

तरी मी बाहेर आले नाही. आतून येताच येईना. अंधार पडला, करीमभाई आणि भाभी आळीपाळीनं बसून राहिले. सकाळी उजाडता उजाडता एक रिक्षा थांबली. निकितानं आधार देऊन अम्मींना उतरवलं. त्यांच्या काखेत माझं तरट होतं.

"अम्मी, तुमचे गुडघे," भाभी म्हणाल्या. "खाली बसलात तर उठता यायचं नाही."

"उठवायला तुम्ही आहात की," अम्मी म्हणाल्या.

त्यांनी तरट अंथरलं. त्याच्या शेजारी, नुसत्या खडीवर, दात आवळून त्या बसल्या. पाठ माझ्याकडे. पिशवीतून चपाती काढली, तुकडे केले, तरटावर ठेवले. आणि हलक्या आवाजात बोलू लागल्या. मला वाटतं, माझ्याशीच.

"मी लग्न होऊन सासरी आले तेव्हा एवढीशी होते. मोरीच्या दाराआड जाऊन बसायचे. सासू काही वाईट नव्हती. पण रोज ओढून बाहेर काढायची." त्यांनी आणखी एक तुकडा तरटावर ठेवला. "असू दे. तू ये तुझ्या वेळानं. मला कुठे जायचंय?"

उन्हं वर आली. एक लोकल आली, गेली. मी पोट जमिनीला लावून, सरपटत, थांबत, पुन्हा सरपटत तरटापर्यंत आले. तुकडे खाल्ले नाहीत. नुसती आडवी झाले आणि डोकं टेकलं. ते अम्मींच्या मांडीवर टेकलं गेलं.

"आजी, हलू नका," निकिता मागून हळूच म्हणाली आणि माझी दोरी हातात घेतली. मग तिच्या लक्षात आलं. "आजी, तुमचे कपडे... तिचं तोंड लागलं."

"धुऊन घेईन मी," अम्मी म्हणाल्या. "पाणी आहे घरात." आणि त्यांनी पहिल्यांदा माझ्या अंगावरून हात फिरवला. खालून, हनुवटीपासून. निकितानं शिकवलं होतं तसा. त्या सगळं ऐकत होत्या तर.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझी भीती गेली असं मी म्हणणार नाही. फटाके वाजले की अजून थरथरते. पण आता पळत सुटत नाही, भाभींच्या मशीनखाली जाऊन बसते आणि त्या पायानं मला चाचपत शिवत राहतात.

अम्मी मागच्या वर्षी गेल्या. त्या दिवशी घर माणसांनी भरलं. अनोळखी पाय, रडणं, दारं उघडी. नांदेडहून मुलगी आली, ती माझ्या गळ्यात पडून रडली. भाभींना स्वतःचं भान नव्हतं. तरी एकदा व्हरांड्यात येऊन त्या माझ्याजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "जागेवर हं, बदामी." जनाजा निघाला. करीमभाईंनी खांदा दिला होता, जयसिंगकाका टोपी घालून मागे चालत होते. मला उठायचं होतं. त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत तरी जायचं होतं. पण वाटेत माझी कुणाला अडचण व्हायला नको होती. मी बसून राहिले. माझ्याकडून अम्मींना देण्यासारखं तेवढंच होतं.

आता एक विनंती.

भ्यालेला जीव तुमच्या घरी आला, तर त्याच्या गप्प बसण्याला शहाणपण समजू नका आणि चावण्याला दुष्टपणा समजू नका. निकितासारखं कुणी मदतीला येतो म्हणालं, तर गरज नाही म्हणू नका. माझ्या भावाच्या घरात प्रेमाला तोटा नव्हता.

परवा जयसिंगकाकांनी निवाऱ्यातून एक कुत्रा आणलाय. म्हातारा आहे, एका डोळ्यानं अधू. आल्यापासून कपाटामागे आहे. भिंतीपलीकडून मला त्याचा श्वास ऐकू येतो. आज सकाळपासून काका जमिनीवर बसलेत, कपाटाकडे पाठ करून, मोठ्यानं पेपर वाचतायत आणि मधूनच संपादकाला नावं ठेवतायत. मघाशी काकूंनी विचारलं, "अहो, त्याचं नाव काय ठेवायचं?"

काका म्हणाले, "आधी त्याला बाहेर तर येऊ दे. त्यालाही आपण आवडायला हवेत."

मग पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी हलका, फरशीवर नखं वाजल्याचा.