नातेवाईकाची सही

बायडाबाईचं काळीज चार वर्षं तालावर नव्हतं. मधेच धावायचं, मधेच ठेचकाळायचं. जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याच्या दुकानात बसून ती छाती दाबून धरी आणि कुणी विचारलं तर पायऱ्यांना नावं ठेवी. शेवटी एक दिवस चक्कर येऊन ती गुलालाच्या पोत्यावर आडवी झाली. शेजारच्या दुकानदारानं तिला कोल्हापूरच्या इस्पितळात आणून सोडलं. यात्रा तोंडावर आलेली, त्यामुळं तो लगेच परतला. त्यात त्याचं काही चुकलं नाही.

डॉक्टर इरावतींनी हृदयाची झडप बदलावी लागेल म्हणून सांगितलं. छाती उघडणारच आहोत तर आणखी एक काम करू म्हणाल्या. हृदयाच्या वरच्या कप्प्यात करंट भलतीकडं भटकतो, म्हणून ठोके चुकतात. तिथं ठरावीक रेघांवर चटके द्यायचे. चटक्याची जागा निबर होते, करंट तिच्या पलीकडं जात नाही.

"म्हंजी बांध घालायचा," बायडाबाई म्हणाली. शेतकऱ्याची पोर ती.

डॉक्टर हसून हो म्हणाल्या. पण खात्री शंभर टक्के नाही, पहिले दोन-तीन महिने ठोके पुन्हा चुकू शकतात, हेही त्यांनी लपवलं नाही.

संमतीच्या कागदावर दोन रकाने होते. एक रुग्णाच्या सहीचा, दुसरा नातेवाईकाच्या. बाई दुसऱ्यापाशी अडकली. मूलबाळ नाही, नवरा जाऊन वीस वर्षं झाली, सासरच्यांनी तेव्हाच हात झटकले. राहिला कोडोलीचा धाकटा भाऊ बाळासो. अकरा वर्षांपूर्वी त्यानं तिच्यापुढं हक्कसोडीचा कागद ठेवला होता. बापाच्या जमिनीवरचा हक्क बहिणीनं भावाला सोडायचा, साडी-चोळी घ्यायची आणि माहेर राखायचं, अशी रीत. हिनं सही केली नाही. जमीन नको होती तिला. सातबाऱ्यावर आपलं नाव राहावं, एवढीच खोड. बाळासोनं बोलणं टाकलं, भाऊबीजही बंद झाली.

खरं सांगायचं तर तो रकाना बघून बाईला आतून बरं वाटलं होतं. इस्पितळच मागतंय म्हटल्यावर भावाला फोन करण्यात कमीपणा कसला? तिनं फोन लावला. बाळासोनं सगळं ऐकून घेतलं. येतो म्हणाला, पण हक्कसोडीचा कागद घेऊन येतो म्हणाला. आक्कानं त्याच्या कागदावर सही करावी, तो तिच्या कागदावर करील.

दुपारभर ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मग तिनं ठरवलं, द्यावी सही. नाव काय चाटायचंय? बाहेर बाकावर आपलं माणूस बसलेलं असावं.

संध्याकाळी डॉक्टर आल्या, कागद कोराच बघून त्यांनी कारण विचारलं. ते ऐकून म्हणाल्या, सही तुमचीच लागते. दुसरी नुसती साक्षीदाराची, ती आमची मोना करील. मोना म्हणजे तिथली नर्स. बाईची सुटका केली म्हणून डॉक्टर खूश, आणि बाईचं तोंड उतरलेलं. भावाला बोलवायचं एक निमित्त हाताशी होतं, तेही गेलं.

तिनं संमतीच्या कागदावर सही केली आणि भावाला पुन्हा फोन लावला.

"बाळा, तुझी सही लागत न्हाय म्हनत्यात. माझी मी केली."

"मग माझं काय काम तिथं, आक्का?"

"काम काय न्हाय. भाईर बसायचं."

तुझा कागद आण, माझी सही घे, हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण कागदाशिवाय तो येतो का, हे तिला एकदाच बघायचं होतं. तो बघतो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

सकाळी मोनानं तिला ढकलगाडीवरून न्यायला काढलं. बाहेरच्या बाकांवर लोकांची माणसं दाटीवाटीनं बसली होती, कुणाच्या मांडीवर डबा, कुणाच्या हातात थर्मास. बाईनं गाडी थोडी थांबवायला लावली आणि मान उचलून एकेक तोंड बघितलं. बाळासो नव्हता. तेव्हा मात्र तिला रडू आलं.

ऑपरेशनच्या दारात मोनानं विचारलं, "मावशी, झाल्यावर निरोप कुणाला द्यायचा?"

बायडाबाईनं पदरानं पुसावं तसे चादरीनं डोळे पुसले.

"मलाच द्या," ती म्हणाली. "मी शुद्धीवर आलो की मलाच सांगा."