उर्वरित नऊ बोटांबाबत

दादांच्या उजव्या पायाचा अंगठा शेवटी काढावा लागला.

हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. तसं काही झालेलं नाही. दादा, म्हणजे माझे वडील, नागावात आमच्या वाडीतल्या झोपाळ्यावर बसले आहेत. दोन्ही पाय अंगठ्यांसकट खाली सोडलेले आहेत, आणि ते मला सांगतायत की येत्या रविवारी आपण हरिहरेश्वरला निघतोय. चालत.

"गाडी आहे की," मी म्हटलं.

"गाडीने साखर उतरत नाही."

दादांना साखर जुनी. रोज अर्धा तास चाला, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आई होती तोवर ती त्यांना संध्याकाळी समुद्रापर्यंत न्यायची आणि परत आणून बांधायची. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि चालणं थांबलं. दादा निवृत्त होईपर्यंत पंचायत समितीत आस्थापना शाखेत होते. कर्मचाऱ्याचं जे थकतं ते साचत जातं आणि एक दिवस एकदम मिळतं, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. म्हणून त्यांनी न चाललेले सगळे अर्धे तास एकत्र केले, चालण्याच्या वेगाने गुणले आणि नकाशावर किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत गेले. उत्तर कन्याकुमारीजवळ आलं.

"एवढं एकदम नको," ते समजूतदारपणे म्हणाले. "पहिला हप्ता हरिहरेश्वर."

मी वाडीत पर्यटकांसाठी दोन खोल्या चालवतो. सीझन नव्हता, त्यामुळे नाही म्हणायला कारण नव्हतं. मी फोनवर वाचायला बसलो. लांब चालणारे लोक चालण्यापेक्षा पायांबद्दलच जास्त लिहितात. नखं निघायच्या दोन-तीन दिवस आधी काढा, सरळ काढा, कोपरे कोरू नका. बूट एक नंबर मोठा घ्या, कारण चालून पाय सुजतात. मधेमधे थांबून मोजे काढा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. मला हे सगळं पटलं. दादांना वाचून दाखवलं.

"माझा नंबर आठ," दादा म्हणाले. "नोकरीला लागलो तेव्हापासून आठ."

"पाय बदलतात, दादा."

"बदलीचा आदेश मला आलेला नाही."

आठ नंबरचे बूट आले. राहिली नखं. दादांचं पोट आणि दादांचे पाय यांची भेट होऊन बरीच वर्षं झाली होती. आई असताना रविवारी सकाळी पडवीत घमेल्यात कोमट पाणी यायचं, दादा पाय बुडवून पेपर वाचायचे आणि आई खाली बसून नखं काढायची. आईनंतर घमेलं आम्ही माडांना खत घालायला घेतलं. अंगठ्याचं नख आता करवंटीच्या तुकड्यासारखं झालं होतं, जाड, पिवळट आणि आमच्या आधीच हरिहरेश्वरच्या दिशेने निघालेलं.

गुरुवारी मी नेलकटर घेऊन गेलो.

"आज गुरुवार," दादा म्हणाले.

शुक्रवारी गेलो.

"शुक्रवारी? लक्ष्मीच्या वारी? तुझ्या खोल्या उगाच रिकाम्या नसतात."

शनिवारी मी नुसता दारात उभा राहिलो. त्यांनी नुसतं बघितलं.

"मग रविवारी पहाटे?"

"रविवारी..." दादा म्हणाले आणि थांबले. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, मीही केलं नाही. आमच्याकडे तीच पद्धत आहे.

"मी काढतो ना, दादा. दोन मिनिटांचं काम."

"पायाला हात लावू नकोस."

"दसऱ्याला लावतोच की."

"तो नमस्कार. त्यात हत्यार नसतं."

रात्री क्षिप्राचा फोन आला. ही माझी थोरली बहीण, नाशिकला रसायनशास्त्र शिकवते, आणि माझ्याशीही त्याच आवाजात बोलते. "अजेय, नखं काढल्याशिवाय त्यांना घराबाहेर सोडू नकोस. साखरेच्या माणसाला पायाचं कळत नाही. एखाद्याचं बोट जातं, कधी अख्खा पाय जातो. ऐकतोयस ना?"

"ते म्हणतात शनिवार आहे."

"तू कधीपासून मानायला लागलास?"

"मी मानत नाही गं. पण नख त्यांचं आहे."

रविवारी उजाडता आम्ही निघालो.

मी सगळं शास्त्रोक्त केलं होतं. नखं सरळ कापलेली, मोज्यांचे दोन थर, बोटांना व्हॅसलिन, टाचांना चिकटपट्टी. रेवदंड्याच्या पुलावर मला पहिला फोड आला. कोर्लईला दुसरा. काशीदच्या आधीच्या चढावर मी असा चालत होतो की मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने विचारलं, "काका, पोराला घेऊ का गाडीत?"

"राहू दे," दादा म्हणाले. "शिकतोय."

दादांना काही होत नव्हतं. फोड नाही, ठणका नाही, थकवा नाही. वाळूतून, डांबरावरून, खडकांवरून ते आठ नंबरच्या बुटांत सरकारी जीपसारखे चालले होते. आई गेल्यापासून त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं. येईल त्या माणसाला थांबवून सांगायचे, "ह्याचं वय सव्वीस. माझं बासष्ट. पाय कोणाचे दुखतात विचारा."

सोमवारी संध्याकाळी मुरूडच्या लॉजवर ते बुटांसकट कॉटवर आडवे झाले.

"दादा, बूट काढा. पाय बघू दे."

"दिवे लागले. दिवेलागणीनंतर नखं काढत नाहीत."

"काढत नाही. नुसते बघतो."

"बघणं ही काढण्याची पूर्वतयारी. मला शिकवतोस?" मग जरा मऊ होऊन म्हणाले, "अरे, दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?"

ह्याचं उत्तर क्षिप्राने आधीच दिलेलं होतं. पण ते इतके आनंदात होते की मी माझ्याच फोडांना मलम लावून झोपलो. तोवर अंगठा जागेवर होता, हे नमूद करतो.

मंगळवारी आगरदांड्याच्या जेट्टीवर पोचलो. खाडीपलीकडे दिघी दिसत होतं. फेरीबोट तिकडेच होती. दादा बाकावर बसले, टेकले आणि त्यांनी डोळे मिटले. मी पाणी घेऊन परत येताना मला जेट्टीच्या सिमेंटवर पावलं दिसली. डाव्या पायाची नव्हतीच. उजव्याची होती, पुढून ओली, तपकिरी, थेट बाकापर्यंत.

मी खाली बसलो. उजव्या बुटाची नाडी सोडली. दादांनी डोळे उघडले नाहीत. बूट ओढला. तो सहज येईना, पाय आत सुजून बसला होता. हिसका दिला तरी दादा शांत. मोजा काढला. मोजा आला आणि त्याच्याबरोबर नख आलं. अंगठा खालून काळा-जांभळा होता, आणि वास येत होता.

आता आमच्या दादांचं असं आहे की त्यांच्या पायाला हात लागला की आशीर्वाद येतो. पेपर वाचत असोत, फोनवर असोत, झोपेत असोत, देवळातली घंटा जशी हात लागला की वाजते तसं. मी दोन्ही हात त्यांच्या पावलावर ठेवले.

काही नाही.

अंगठ्याशेजारचं बोट दाबलं. काही नाही. तळवा दाबला. काही नाही. हात वर सरकवत नेले. घोटा गेला. घोट्याच्या वर चार बोटं, पोटरी सुरू होते तिथे माझे हात पोचले आणि दादा डोळे न उघडता म्हणाले, "आयुष्मान भव. काम कर काहीतरी."

मी हात तसेच ठेवले. त्या जागेच्या खाली दादा नव्हतेच.

जेट्टीवर मोरूची चहाची टपरी होती. तो किटली घेऊनच आला आणि वाकून बघू लागला. "आरारा. ह्या पायान बोटीत चढू नका, काका. माझ्या सासऱ्याचा पन आसाच झाला व्हता."

"मग?" मी विचारलं.

"आंगठा काढला. मंग एकदम बरा."

"आता कसे आहेत?"

"न्हाय, आता वारला. पन तवर बरा व्हता."

दादांनी डोळे उघडले. आधी मला पायाशी बघितलं, मग मोजा, मग समोर. फेरीबोट निघाली होती. "पलीकडे उतरू, बोर्ली पंचतनला जेवू, मग बघू काय ते."

"दादा, नख निघालंय."

"आज वार कोणता?"

"मंगळवार."

"मग निघायला नको होतं," दादा म्हणाले. त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या पायाकडे बघितलं, ओळखीच्या पण नाव आठवत नसलेल्या माणसाकडे बघावं तसं. मोरूने आम्हाला रिक्षा करून दिली. फेरीबोट आली, गाड्या उतरल्या, गाड्या चढल्या, आणि ती आमच्याशिवाय दिघीला गेली.

अलिबागच्या इस्पितळात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडापर्यंत गेलंय, गुरुवारी सकाळी काढू.

"गुरुवारी?" दादांनी विचारलं.

"का, काही अडचण आहे?"

"नाही," दादा म्हणाले. "तुमच्याकडे चालत असेल."

सुरुवातीला जे झालंच नाही असं आपलं ठरलं होतं, ते गुरुवारी सकाळी झालं नाही. त्याला अर्धा तास लागला. क्षिप्रा नाशिकहून आली. ती थेट बाईंकडे गेली. आधी मला ओरडली असती तर बरं झालं असतं. शेजारच्या बोटाची कड काळसर दिसतेय, पायाचा रक्तपुरवठाही चांगला नाही, असं बाईंनी आम्हाला सांगितलं. पुढे काय, असं दादांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "बघू." दादांनी आस्थापना शाखेत जन्मभर लोकांना 'बघू' सांगितलेलं. अर्थ विचारावा लागला नाही.

रविवारी सकाळी मी वॉर्डात गेलो तेव्हा क्षिप्रा औषधं आणायला खाली गेली होती. दादांनी चादरीतून डावा पाय बाहेर काढला होता.

"आज रविवार," ते म्हणाले.

मी नर्सला विचारलं. पाण्यात बुडवायचा नाही आणि कातडीला धक्का लावायचा नाही, एवढ्यावर तिने सोडलं. मी खाली बसलो आणि सरळ, कोपरे न कोरता, एकेक नख काढू लागलो. दादा छताकडे बघत होते.

"सुरू केलंस का?"

"तिसरं चाललंय."

"कळलंच नाही." मग ते आईचं नाव घेत म्हणाले, "सुचित्राचंही कधी कळायचं नाही. मी सगळ्यांना सांगायचो, हिचा हात हलका आहे."

नेलकटर माझ्या हातात तसाच राहिला.

"किती वर्षं कळत नसेल रे?" त्यांनी विचारलं. पण ते मला विचारत नव्हते. मग घसा साफ करून त्यांनी आपला ऑफिसातला आवाज काढला. "कागद घे. अर्ज लिहून घे."

"कोणाच्या नावे?"

"ते रिकामं सोड. संबंधित अधिकारी कोण, ते शेवटपर्यंत कळत नाही."

मी त्यांच्या केसपेपरच्या पाठीमागे लिहून घेतलं. तो अर्ज जसाच्या तसा:

प्रति,
मा. ....................

विषय : उर्वरित नऊ बोटे सेवेत कायम करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराच्या उजव्या पायाचा अंगठा गेल्या गुरुवारी सेवेतून कमी करण्यात आला आहे. त्याबाबत अर्जदाराची तक्रार नाही. तथापि उर्वरित नऊ बोटे जन्मापासून विनाखंड कार्यरत असून त्यांच्याविरुद्ध कोणतीही चौकशी प्रलंबित नाही. तरी सदर बोटे आहेत त्याच जागी कायम करण्यात यावीत. तसेच दर रविवारी सकाळी त्यांची नखे काढण्याकरिता कै. सुचित्रा यांची पूर्वीच्याच पदावर तातडीने पुनर्नियुक्ती करण्यात यावी, ही नम्र विनंती.