गाठीची तार

आक्कांचा जावई तसा लाखात एक, पण कुणाला काही विचारायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. रस्ता चुकला तर पार गावाबाहेर जाईल, पण थांबून कुणाला विचारणार नाही. त्या दिवशी तर त्याने कहरच केला. बाथरूममधला एक्झॉस्ट पंखा जळाला म्हणून नवा घेऊन आला, आणि आक्का दूध आणायला गेल्या तेवढ्यात जुना उतरवून नवा बसवूनसुद्धा मोकळा झाला.

आक्का परत आल्या तेव्हा तो बटण खालीवर करत होता. पंखा ढिम्म. लेक नवऱ्याकडे बघत टॉवेल खांद्यावर टाकून उभी.

"दुकानदाराने माझ्यासमोर चालवून दाखवला होता," जावई म्हणाला.

आक्कांचं लक्ष फरशीवर गेलं. ओल्या फरशीवर तारांची कापलेली टोकं पडली होती. त्यांनी वाकून वेचली. हिरव्या टोकाला एक गाठ, काळ्याला दोन.

"गाठी का कापल्या?"

"काय ते ध्यान होतं, आई! तारेला गाठी कोण मारतं? आता बघा, कसं नीट केलंय. लाल, काळी, हिरवी, जिथली तिथे."

मेख तिथेच होती. आक्कांचे यजमान तीस वर्षं वायरमन होते, आणि त्यांना लाल आणि हिरवा यातला फरक दिसत नव्हता. हे फक्त आक्कांना ठाऊक. ते कामावर निघायच्या आधी आक्का तारा निवडून पिशवीच्या तीन कप्प्यांत घालून द्यायच्या. तीस वर्षांत एकदाही चूक झाली नाही. स्वतःच्या घराची वायरिंग मात्र त्यांनी आक्का दवाखान्यात बाळंतपणाला होत्या त्या आठवड्यात एकट्याने केली, हाताला येईल ती तार घेऊन. करंटच्या तारेला एक गाठ, अर्थिंगला दोन, तिसरी मोकळी. 'कुणाला सांगू नकोस, पोटावर पाय येईल,' म्हणाले होते. माणूस गेला, तरी आक्कांनी शब्द राखला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि आता जावयाने रंग बघून, अर्थिंग समजून, एका गाठीची हिरवी तार पंख्याच्या पत्र्याला जोडली होती. म्हणजे बटण चालू असलं की सगळा पत्रा करंटचा.

जावई टेस्टर घेऊन लोखंडी स्टुलावर चढला. आक्का झपाझप पॅसेजमध्ये गेल्या आणि त्यांनी मेन स्विच पाडला. सगळीकडे अंधार.

"लाइट गेली वाटतं," लेक म्हणाली.

जावई उतरला, बाहेर आला, मेन वर केला, पुन्हा चढला. आक्कांनी पुन्हा पाडला आणि ओट्याशी जाऊन दूध गॅसवर ठेवलं. गॅस पेटवायचा मात्र विसरल्या.

"मेनसुद्धा गेलाय!" आतून जावई ओरडला. "या घरात एक वस्तू धड नाही!"

आक्का बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. सांगावं तर लेकीच्या मनातला बाप खाली येणार. शेजारीपाजारी म्हणतील, या आंधळ्याकडून आम्ही घरं जोडून घेतली. न सांगावं तर पोरीचं कुंकू. मेन वर केलेला बघून त्या पुन्हा तिकडे वळल्या, तोच जावई समोर उभा.

"आई, तुम्ही?"

"हात लागला."

"दोनदा?" त्याने बायकोला मेनपाशी उभं केलं. "आईंना इथे फिरकू देऊ नकोस. मला काम करू दे."

तो चढला. लालला टेस्टर लावला, पेटला नाही. काळीला लावला, पेटला नाही. "बघितलंस? करंटच येत नाही इथपर्यंत. हे सगळं उपटून नवीन करायला हवं. बाबांनी केलंय म्हणे! वायरिंग आहे की गोधडी? काय डोळे मिटून केलं होतं काय?"

"हिरवीला लावा टेस्टर," आक्का दारातून म्हणाल्या.

"ती अर्थिंग असते, आई. शाळेतल्या पोरालाही कळतं."

"आम्ही शाळेत कमी गेलो. लावा म्हणते ना."

"तुम्ही जरा स्वयंपाकाचं बघा बरं." तो हसला. टेस्टर खिशात टाकला आणि पंखा उतरवायला दोन्ही हात पत्र्याकडे नेले.

"हात लावू नका!" आक्का अशा किंचाळल्या की लेकीने आपणहून मेन पाडला. अंधारात आक्का भिंत धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. रंग, गाठी, पिशवीचे तीन कप्पे. एका दमात, जसं कडू औषध घेतात.

"म्हणून बाजारात टोमॅटो मी निवडायचे," लेक हळूच म्हणाली. "मला वाटायचं, बाबा माझे लाड करतात."

"लाडही करत होते."

जावयाने टेस्टर काढला. "मेन लाव," बायकोला म्हणाला. अंग आखडून, लांबून, त्याने टेस्टर पत्र्याला टेकवला. टेस्टर लख्ख पेटला. तो स्टुलावरच मटकन बसला. कपाळ घामाने चिंब.

मग मेन पाडून, मोबाइलच्या उजेडात त्याने तारा सोडवल्या. या वेळी प्रत्येक तार हातात घेऊन तो दाराकडे बघायचा, आणि आक्का सांगायच्या, ही इथे, ती तिथे. मेन लावला. बटण दाबलं. पंखा घरघरला आणि फिरू लागला.

"आई," तो मान खाली घालून म्हणाला, "बाहेर कुणाला नाही सांगणार मी."

आक्कांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं.

"सांगा की खुशाल, जावईबापू. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून ते रोज बायकोला विचारून कामाला निघायचे, आणि रोज संध्याकाळी धडधाकट घरी यायचे. तुम्हाला सगळं दिसतं, आणि आज माझी पोर बोडकी करायला निघाला होतात. आंधळे ते नव्हते, तुम्ही आहात. चला आता, तोंड धुवा."