गाडीचे छत आणि दाजींचे हात

अमरसिंह साहेबांच्या पांढऱ्या गाडीचे छत मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात लोंबले आणि ती गाडी दुरुस्तीसाठी उमापूर रस्त्यावरील आमच्या कुशनच्या दुकानात आली. दुकान माझ्या नावावर होते, गाळा साहेबांच्या मालकीचा होता आणि काम करणारे हात माझे दाजी नाथा यांचे होते. माझी थोरली बहीण बबिताआक्का त्यांना दिलेली. दाजींनी वयाच्या तिसाव्या वर्षी मेंढरे सोडून हा धंदा अंगीकारला आणि त्यात असे प्रावीण्य मिळवले की, पार बीडहून लोक सीट शिवून घेण्यास त्यांच्याकडे येत असत.

गाडीच्या छताला आतून जे मऊ कापड असते, त्याच्या पाठीस फोमचा पातळ थर असतो. वर्षानुवर्षे ऊन खाऊन तो फोम कुजतो, त्याची पिवळी भुकटी होते आणि कापड मधोमध सुटून बसणाऱ्याच्या डोक्यावर येते. त्यावर उपाय एकच. छताचा पुठ्ठा डिकीतून बाहेर काढावा, भुकटी ब्रशने खरवडावी आणि नवे कापड उन्हात न वितळणाऱ्या सोल्यूशनने चिकटवावे. हे सोल्यूशन संभाजीनगरहून येते. त्या दिवशी ते माझ्याकडे संपलेले होते आणि साहेबांना गाडी संध्याकाळीच हवी होती. म्हणून मी चपला चिकटवण्याचे साधे सोल्यूशन आणले आणि चांगल्या सोल्यूशनच्या रिकाम्या डब्यात ओतून ठेवले. दाजींना मी हे सांगितले नाही, कारण सांगितले असते तर त्यांनी कामास हात लावला नसता.

"सोमा, वास येगळा येतोय रे," दाजी ब्रश बुडवताना म्हणाले.

"नवा माल हाय, दाजी. कंपनीनं बदललाय."

"असंल बाबा."

त्यांनी विश्वास ठेवला. तान्ह्या लेकराच्या अंगाला तेल लावावे तसे ते तळहाताने मधून कडेकडे कापड दाबत गेले. एकही सुरकुती राहिली नाही.

चौथ्या दिवशी साहेब पाहुण्यांसह एका लग्नास गेले आणि छत सुटले ते नेमके मांडवाच्या दारात. कापड साहेबांच्या फेट्यावरून तोंडावर आले. काचेतून ते दृश्य पाहून वऱ्हाडातील कोणीतरी ओरडले, "अरे, नवरी आली! घुंगट वर करा!" सारा मांडव हसला म्हणतात.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः दुकानात आले. त्यांनी एकही शिवी दिली नाही. माझ्या खुर्चीवर कूलरसमोर बसून ते शांतपणे म्हणाले, "माझ्या डोळ्यांदेखत चिकटवा."

दाजींनी पुठ्ठा काढला, साफ केला आणि त्याच डब्यातले सोल्यूशन पुन्हा लावले. खरा माल अजून आला नव्हता, म्हणून तो डबा मीच त्यांच्या हाती दिला. काम पूर्ण झाले तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

"हाताची गॅरंटी हाय का, नाथा?" साहेबांनी विचारले.

"हाय की, साहेब. मागं काहून सुटलं तेच उमगंना. पर आता न्हाई सुटायचं."

"मग आत बस. काचा वर. एक तास. छत टिकलं तर तुझं खरं. छत खाली आलं, न्हाईतर तू खाली आलास, तर तुझ्या मेव्हण्याचं सामान आजच्या आज रस्त्यावर."

साहेबांचा ड्रायव्हर बजरंग याने गाडी भर उन्हात उभी केली, इंजिन बंद केले आणि दाजी मागच्या सीटवर बसले. दारास कुलूप नव्हते. आतून नुसती कडी ओढली असती तर दार उघडले असते. परंतु ते माझ्या दुकानासाठी बसले होते.

साहेबांनी चहा मागवला. मलाही दिला. मी तो प्यालो.

वीस मिनिटांनी दाजींचा सदरा अंगास चिकटल्याचे दिसू लागले. पुढे त्यांनी दोन्ही हात वर केले आणि तळवे छताला लावले. बजरंग मोठ्याने हसला. "साहेब, बघा बघा! नाथा देवाला हात जोडायलाय."

"जोडू दे. देव तरी गार हाय का बघू," साहेब म्हणाले आणि चहावाल्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत जमलेले सगळे हसले.

दाजी प्रार्थना करीत नव्हते, हे तेथे एकट्या मला ठाऊक होते. कापड मधोमध सुटू लागले होते आणि ते त्यास हातांनी तोलून धरीत होते. मी मनाशी निश्चय केला की, दहा मिनिटांनी साहेबांना सत्य सांगायचे. दहा मिनिटे सरली तेव्हा मी पुढच्या दहा मिनिटांचा निश्चय केला. त्यांचे कोपर थरथरू लागले, एक हात खाली येई आणि लगेच वर जाई. अखेरीस त्यांनी कापडाला डोक्याचाही टेकू दिला. बजरंगाचे हसू तेव्हा मावळले होते.

"साहेब, लई झालं. मरंल त्यो," तो म्हणाला.

"अजून धा मिनिटं हायेत."

दहा मिनिटे पूर्ण होऊ देऊन साहेब उठले व त्यांनी स्वतः दार उघडले. "हात खाली घे."

"साहेब... जरा... सुकू द्या," दाजींना शब्द उच्चारवत नव्हता.

"खाली घे बे!"

हात खाली आले आणि त्यांच्या पाठोपाठ सगळे कापड त्यांच्या डोक्यावर आले. बजरंगाने त्यांना बाहेर ओढले. ते मातीत बसले आणि ओकले. नंतर त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि त्या नजरेत तेव्हा राग नव्हता, केवळ विश्वास होता. "सोमा, डबा दाखीव साहेबांना. माल खराब आला आसंल."

मी डबा आणला. साहेबांनी त्यावरील छापील मजकूर वाचला. "ऐंशी डिग्रीला टिकतं म्हणून लिव्हलंय. मग माल खोटा का हात खोटा, सोमा?"

मला एवढेच म्हणायचे होते की, डबा खरा आहे, माल खोटा आहे. त्याऐवजी माझ्या तोंडून निघाले, "दाजींचा हात आता पहिल्यासारखा राहिला न्हाई, साहेब."

दाजींनी माझ्या तोंडाकडे पाहिले. मग डब्यातला तो वेगळा वास त्यांना उमगला. तसे त्यांनी तोंड फिरवले.

"खरं बोललास म्हणून गाळा ठिवतो," साहेब म्हणाले. "पर तालुक्यात ह्याच्या हाताला काम मिळायला न्हाई पायजे. तूच सांगायचं सगळ्या दुकानांत."

"जी," मी म्हणालो, आणि पुढील दोन दिवसांत गेवराईच्या सहा दुकानांत जाऊन तसे सांगितलेही.

तिसऱ्या दिवशी बबिताआक्काचा फोन आला. "सोमा, ह्यांचे हात वर हुईनात रे. भाकर मी चारतेय. मेंढरं घ्यायची म्हणत्यात परत, पर काठी कशी धरायची? काय झालतं ते सांगत न्हाईत. तू व्हतास ना तिथं?"

"न्हाई आक्का," मी म्हणालो. "मी जेवायला गेलतो."