भारतदादाच्या पंपाचं सील

यंदाच्या जुन्या जीपच्या शर्यतीत आमची जीप पहिली आली.

असं काही झालेलं नाही. तुम्ही ते वाक्य वाचलं नाही, मी लिहिलं नाही, आणि मंठ्याजवळच्या त्या मैदानावर यंदा एकही जीप धावली नाही, असं समितीनं एकमतानं ठरवलेलं आहे. आमच्याकडं एकमत सहसा होत नाही. त्याचा मान राखून, जे झालंच नाही ते मी पहिल्यापासून सांगतो.

माझा मोठा भाऊ भारत डिझेल पंपाचा मिस्त्री होता. त्याच्याकडं एक जुनी जीप होती, जिच्यात एकेकाळी आख्खं वऱ्हाड बसायचं आणि नवरदेव मागं लटकायचा. मग घरोघरी मोटारसायकली आल्या, पॅसेंजर मिळेना, आणि रिकाम्या झालेल्या ड्रायव्हरांनी शर्यत काढली. बाहेर लोक शर्यतीसाठी गाडी घेतात. आमच्याकडं गाड्या उरल्या म्हणून शर्यत घेतात.

दादा गेल्या वर्षी काविळीनं गेला. दवाखान्यात त्याला त्याच्याच जीपमधून नेलं. चालवत मी होतो. वाटेत त्यानं डोळे उघडले, म्हणाला, “तिसऱ्यात टाक. वरडून राह्यली ती.” मी तिसऱ्यात टाकली. त्यानंतर तो काही बोलला नाही. लोकांचे भाऊ जाताना काहीतरी सांगून जातात. आमच्या दादानं गिअर सांगितला.

आता शर्यतीचा नियम. इंजिनात साठ घोड्यांच्या वर ताकद नको. पण घोडे मोजायचं मशीन समितीकडं नाही, म्हणून समिती स्वतःच मशीन झाली. पहिल्या आलेल्या जीपला ट्रॉली जोडायची, ट्रॉलीत सगळी समिती बसायची, आणि जीपनं ती कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्याच्या चढावर ओढायची. याला दमपरीक्षा म्हणतात. ट्रॉली चढली तर ताकद जास्त, पंप उघडून तपासायचा. नाही चढली तर गाडी नियमात, हार घाला. म्हणजे जिंकलेल्या माणसानं शेवटी नापास व्हायचं असतं. अध्यक्ष धर्मराजनाना पूर्वी चांगले भरलेले होते, तेव्हा बऱ्याच गाड्या सुटायच्या. मग नानांना शुगर निघाली, डॉक्टरनं भात बंद केला, आणि तालुक्यातला नियम आपोआप कडक झाला.

दरवर्षी कचरू पहिला यायचा. कचरूचं इंजिन जोरदार होतंच, पण त्याचा हँडब्रेक त्याहून जोरदार होता. चढावर तो गुपचूप हँडब्रेक ओढून ठेवायचा, इंजिन बोंबलायचं, धूर निघायचा, ट्रॉली जागची हलायची नाही. समिती खोकत खाली उतरायची आणि टाळ्या वाजवायची.

दादा दरवर्षी दुसरा यायचा. मुद्दाम. कारण त्याला पंप कोणाला उघडू द्यायचा नव्हता.

त्या पंपात चोरी काहीच नव्हती. फक्त चार सिलेंडरांपैकी एकाला त्यानं डिझेल जरासं कमी सोडलेलं. त्यामुळं गाडी हळू झाली की इंजिन खट-खट-खट-खुट असं चालायचं. चौथा ठोका अडखळायचा. आमची माय, म्हणजे कांताबाई, गाडी चौकात वळली की तो ठोका घरातूनच ओळखायची. ठोका ऐकला की चहा ठेवायची, आणि दारात येऊन हात वर करायची. दादा आत आला की चहाला उकळी आलेली असायची. एवढ्यासाठी एका माणसानं आयुष्यभर इंजिन थोडं बिघडवून ठेवलं होतं. पंपाच्या स्क्रूवर तार, तारेवर शिशाचं सील, आणि सीलवर त्याच्या ठशाचं ‘भा’.

दादाला वर्ष झालं, पहिल्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजी गेले, पाहुणे गेले, भांडी घासून झाली. माय म्हणाली, “बुद्धा, तेची गाडी पळव यंदा. दारात उभी राहून मुकी झाली.”

“पळवतो. पण दुसरी आणतो.”

“दुसरी तर दुसरी. मला कुठं कप पाह्यजे? मला आवाज पाह्यजे.”

तर ठरलं असं. कचरू पहिला येणार, मी दुसरा येणार, पंप बंद राहणार, मायला आवाज मिळणार. एवढा साधा पराभव मला आयुष्यात कधी मागावा लागला नव्हता. परीक्षांमध्ये मी याहून मोठे पराभव काही तयारी न करता मिळवले आहेत.

शर्यतीच्या दिवशी मायनं गाडीतला दगड काढून दारात ठेवला. आमच्या जीपला हँडब्रेक नाही. हँडब्रेक म्हणजे तो दगड, चाकाखाली लावायचा. म्हणाली, “पळायच्या गाडीत ओझं कशाला?”

शर्यत सुरू झाली. कचरू पुढं, मी मागं, बाकीचे आमच्या धुळीत. सगळं बराबर चाललं होतं. शेवटच्या वळणावर माय उभी होती. तिनं आमच्या गाडीचा आवाज ऐकला, आणि नेहमीसारखा हात वर केला.

कचरूनं ब्रेक मारला.

त्याचा काही दोष नाही. उभ्या आयुष्यात त्यानं रस्त्याकडंला हात केलेल्या बाईला सोडून गाडी पुढं नेली नव्हती. जीप बाजूला घेऊन त्यानं मान बाहेर काढली आणि म्हणाला, “कुठं जायचं, मावशी? बसा जल्दी.”

मी तिथं थांबायला पाहिजे होतं. पण मागून सगळी शर्यत येत होती, बाजूला कचरूची जीप आडवी, आणि समोर मोकळं मैदान. मी गाडी इतकी हळू चालवली की शेवटची रेघ ओलांडताना एक कुत्रं माझ्या पुढं होतं. पण कुत्र्याची नोंदणी झालेली नव्हती.

“पहिला!” धर्मराजनानांनी शिट्टी मारली.

मी उतरून हात जोडले. “नाना, मी आलोच न्हाई. झालं न्हाई असं धरा.”

“अरे, माझ्या डोळ्यांनं पाह्यलं की.”

“डोळ्याचं काय घेऊन बसलात? कचरू पहिला होता.”

“कचरू तर पॅसेंजर भरून राह्यला तिकडं!”

“मंग त्याला विचारा.”

कचरू मायला शेजारी बसवून रेघेपर्यंत घेऊन आला. मान खाली घालून म्हणाला, “नाना, मी मधीच धंद्याला लागलो. मला धरू नका.”

ट्रॉली जोडली. समिती हातातल्या चहासकट चढली. नाना पुढं बसले, पूर्वीपेक्षा अर्धे. आता नापास व्हायचं, तर हँडब्रेकचा दगड घरी. पायाचा ब्रेक दाबून मागचा दिवा लागला तर लबाडी धरतात, आणि आमच्या गाडीचे ब्रेकचे दिवे दादानं असे बसवले होते की घनसावंगीहून दिसावेत. क्लच दाबला तर समिती मागं घरंगळून जिनिंगच्या भिंतीवर गेली असती. राहिला एकच उपाय. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढून सीटवर मांडी घातली. डिझेलच नाही तर चढेल कशी?

चढ लागला. इंजिन दबलं. खट... खट... खट... खुट. आता बंद पडणार, असं वाटलं. मी मनातल्या मनात म्हणालो, पड. दादा, एवढं एकदा पडू दे.

पण डिझेल पंपात गव्हर्नर असतो. इंजिन मंदावलं की तो न विचारता डिझेल वाढवतो. दादानं तो असा बसवला होता की चालवणारा झोपला तरी गाडी घरी यावी. जीपनं श्वास घेतल्यासारखं केलं, आणि मी मांडी घालून बसलेलो असताना, सगळ्या समितीला अलगद वर घेऊन गेली. चढावर एकाच्याही हातातला चहा सांडला नाही.

वर गेल्यावर नाना ट्रॉलीतून उतरून माझ्याकडं आले. मग म्हणाले, “पंप उघडावा लागल, बुद्धा.”

“नाना, दादाचा हात आहे त्याच्यात.”

“मला म्हाईत न्हाई व्हय? पण आज तुला सोडलं तर उद्या कचरू हँडब्रेक न ओढताच चढंल, अन् म्हणंल मला बी सोडा.”

म्हणजे नानांना हँडब्रेकचं माहीत होतं. सगळ्यांनाच होतं.

पंप उघडायचं काम भुजंगकडं. तो दादाबरोबर एकाच उस्तादाकडं शिकलेला. त्यानं पकडीनं तार तोडली, शिसं खाली पडलं, मायनं ते उचलून पदरात बांधलं. पंप भुजंगच्या दुकानातल्या, डिझेल मोजायच्या मशीनवर चढला. मशीनला काचेच्या चार नळ्या असतात, प्रत्येक सिलेंडरचं डिझेल वेगवेगळ्या नळीत पडतं. तीन नळ्या एका उंचीला भरल्या. चौथी जराशी खाली राहिली.

भुजंग त्या चौथ्या नळीकडं पाहत राहिला. “साठ घोडे कुठले,” तो म्हणाला, “साठाच्या खालीच आहे बिलकुल. ताकद न्हाई ही. बसवलंय बराबर, एवढंच.”

“मंग तसाच लावून दे.”

“मशीनवर चढला की चारी नळ्या सारख्या करूनच उतरवायचा, बुद्धा. नियम आहे. भारतनंच करून घेतल्ता हा नियम समितीकडून. एकानं घाण पंप बांधून गिऱ्हाइकाला फसवल्तं, तव्हा.”

त्यानं चौथा स्क्रू फिरवला. फार नाही. मीठ चिमटीत घेताना बोटं फिरतात तेवढा. चौथी नळी वर आली. चारी सारख्या. भुजंगनं चष्मा काढून शर्टाला पुसला, आणि तो आधीपेक्षा जास्त खराब झाला.

“परत खाली घे ना.”

“किती खाली, सांग. तेच्या बोटाला म्हाईत होतं. मी आता अंदाजानं घेतलं तर ते माझं होईल.”

मी जीप घरी आणली. माय कचरूच्या गाडीतून आधीच पोचली होती. मी चौकातून वळलो, दारापर्यंत आलो, इंजिन चालू ठेवून बसलो. खट-खट-खट-खट. शिवणयंत्रासारखं सुरेख. कोणीच बाहेर आलं नाही. शेवटी मी आत गेलो. चूल थंड होती. माय तांदूळ निवडत होती.

“आलास व्हय? मला वाटलं, कोणाची तरी गाडी आली.”

तिनं बाहेर पाहिलं. मग उठून दारातला दगड उचलला आणि चाकाखाली लावला. त्यानंतर तिनं चहा ठेवला, पण तो मी मागितला म्हणून.

पुढचं काम कागदोपत्री झालं. आमची ताकद नियमात निघाली, म्हणजे आम्ही पहिले. पण पंपावर सील नाही, आणि सील नसलेली गाडी शर्यतीत धरत नाहीत, म्हणजे आम्ही बाद. कचरूनं मधेच धंदा केला, म्हणजे तोही बाद. बाकीच्यांना पहिला नंबर देऊ केला, तर सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली. दमपरीक्षा कोणालाच नको होती. तेव्हा समितीनं ठरवलं की यंदा शर्यत झालीच नाही.

शर्यत झालीच नाही, तर पंपही उघडला गेला नसणार. म्हणून मी अर्ज केला. तो असा:

मा. अध्यक्ष, जुनी जीप शर्यत समिती, मंठा यांस,

विषय : सील पूर्ववत करून मिळणेबाबत.

महोदय, आपल्या ठरावानुसार यंदा शर्यत झालेली नाही. तरीही आमच्या पंपाचे सील तुटलेल्या अवस्थेत मातोश्रींच्या पदरात आढळून आले आहे. आपल्याच नियमानुसार ज्याचे सील त्यानेच, स्वतः हजर राहून, पुन्हा लावावयाचे असते. सबब संबंधित मिस्त्री कालकथित भारत यांना एका सकाळपुरते दुकानावर हजर राहण्याचे लेखी आदेश व्हावेत. त्यांना आणण्यासाठी जीप आम्ही पाठवू, तिसऱ्या गिअरमध्ये. काम एका स्क्रूचे आहे, वेळ लागणार नाही. चौथी नळी किती खाली घ्यायची ते त्यांचे ते पाहतील.

आदेश झाल्यास एक दिवस आधी कळवावे, म्हणजे मातोश्रींना चहा ठेवता येईल.

आपला,
बुद्धभूषण
(यंदा न झालेल्या शर्यतीत पहिला)