मचव्याची सारवलेली जमीन

मी फळ्यांची जमीन बोलतेय. हसू नका. तुमच्या घरातली जमीन एका जागी बसून असते. मी मात्र सारं आयुष्य पाण्यावर फिरले. अंबाजी तांडेलांच्या शिडाच्या मालवाहू मचव्याला मागच्या बाजूला एक बुटकी खोली होती, तिची मी जमीन. त्या खोलीत माणसाला ताठ उभं राहता येत नसे, म्हणून जो येई तो माझ्यावर बसे. आणि बसलेली माणसं उभ्या माणसांपेक्षा खरं बोलतात, असा माझा अनुभव आहे.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी दिघीच्या वाळूवर सुतारांनी मला घडवलं. अस्सल सागाच्या फळ्या. पण मला खिळे मारले नाहीत, नुसतं मांडून ठेवलं. माझ्या खाली मचव्याचं पोट असतं आणि तिथं पाणी झिरपत राहतं. फळीच्या भोकात बोट घालायचं, फळी उचलायची, पाणी उपसायचं, फळी परत ठेवायची. माझं उचललं जाणं म्हणजेच मचव्याचं तरंगणं.

माझी निगा अंबाजींची बायको रतन राखायची. समुद्राच्या पाण्यानं धुवायची, काथ्यानं घासायची, उन्हात वाळवून उंडीच्या बियांचं तेल चोळायची. मी अशी चमकायचे की अंबाजी चपला बाहेर काढून यायचे. मग एका तापात रतन गेली. घरात बाईमाणूस उरलं नाही. अंबाजी आणि त्यांचा मुलगा हरेश्वर मला साफ करायचे, म्हणजे सुपारीची सालं आणि विड्यांची थोटकं फटीतून खाली ढकलायचे. पुरुषांना घाण दिसेनाशी झाली की ती गेली असं वाटतं.

अशात हरेश्वरची बायको तुळशी आली. खाडीच्या पार आतल्या टोकाची, मांदाडच्याही पुढची, भातशेतीच्या गावची. बोलायची कमी, बघायची फार. माहेरी एकटी आई होती, गोदूबाई. वैशाखात लग्न झालं, आणि पाऊस लागल्यावर वाट बंद. आईची खुशाली कळायलाही मार्ग नव्हता.

श्रावणात अंबाजी म्हणाले, "पोरी, नारळी पुनवेला मचवा पाण्यात घालायचा हाय. खोलीची जमीन तेवढी नीट करून ठेव. पहिली खेप मांदाडलाच न्हेतो, आईला भेटून ये."

त्या दिवशी तुळशीच्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं आणि बापलेकांनी ती मुकाट्यानं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दोघं शिडाचं कापड आणायला बोर्लीला गेले. तुळशी पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर नारळाच्या झापांखाली ओढून ठेवलेल्या मचव्यावर चढली. सोबत विहिरीच्या पाण्याचा हंडा, आणि पाटीत ताजं शेण. सणाच्या तोंडावर जमीन नीट करायची तर कोणती शहाणी सून दुसरं काय करील? तिनं मला गोड्या पाण्यानं न्हाऊ घातलं आणि कडेपासून कडेपर्यंत छान सारवलं. वर दाराशी रांगोळीची चार बोटं ओढली. इतक्या मायेनं मला कोणी हात लावला नव्हता. म्हणून मीही फुगले. नको तितकी फुगले.

संध्याकाळी अंबाजी खोलीत डोकावले आणि तिथंच बसले.

"ह्ये काय केलंस गं?"

"सारवलं, आबा."

"मचवा सारवलास? आता ह्याच्यात चूल मांड आणि म्हशी बांध!"

हरेश्वरला हसू आलं. बापानं बघितल्यावर ते त्यानं गिळलं. त्यानं भोकात बोट घालून फळी ओढली. हलेना. फटींत शेण, लाकूड फुगलेलं, सगळ्या फळ्या एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या. पावसाळाभर वाळूवर वाळलेला मचवा पाण्यात घातला की पहिले दिवस तो सगळीकडून गळतो, सारखं उपसावं लागतं. फळी उचलणार नाही तर उपसणार कुठून?

पौर्णिमेला किनाऱ्यावर नारळ वाहिले गेले, वाजंत्री वाजली, बाकीचे मचवे निघाले. आमचा तिथंच. अंबाजी एवढंच म्हणाले, "मांदाडचं आता इसर." तुळशीनं मान हलवली.

हरेश्वर पहार घेऊन आला. "एक फळी फोडतो. मग बाकीच्या सुटतील."

"फोडू नका," तुळशी म्हणाली. लग्नानंतर नवऱ्याला तिनं पहिल्यांदाच नको म्हटलं असावं, कारण तो पहार हातात धरून तसाच उभा राहिला. "माझ्या हातून फुगलीय. मीच वाळवते."

तिनं कालवाच्या शिंपल्यानं फटी कोरायला घेतल्या. फट न् फट. मग भाताचं तूस कढईत गरम करायची, माझ्यावर जाड पसरायची, ओल धरली की झाडून पुन्हा दुसरं. दमट कोठाराला तिच्या माहेरी असंच करत. बोटांची सालं निघाली, तिनं चिंध्या बांधल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाजी वर आले. थोडा वेळ बघत राहिले. मग दुसरा शिंपला उचलून माझ्या दुसऱ्या कडेला बसले.

"तुझी सासू खाऱ्या पाण्यानं धुवायची. गोडं पाणी लाकूड कुजवतं." एक फट कोरून झाल्यावर पुन्हा म्हणाले, "तुला सांगायला व्हतं कोन? मीच सांगायचं, तर मी बोर्लीला जाऊन बसलो."

"मी तरी विचारायचं, आबा."

"व्हय. तू बोलत न्हाईस, आनि आमी ऐकत न्हाई. बरं घर जमलंय."

तिसऱ्या दिवशी मधली फळी कुरकुरली आणि सुटली. हरेश्वर असा ओरडला की किनाऱ्यावरची कुत्री उठली. तुळशीनं मला उंडीचं तेल चोळलं आणि चोळता चोळता, कोणी बघत नाही असं समजून, थोडी रडली.

पहिली खेप मांदाडलाच गेली. गोदूबाई धक्क्यावर कशी आली, लेकीच्या तोंडावरून किती वेळ हात फिरवत राहिली, हे मी सांगत नाही. ते त्या दोघींचं. आत येऊन तिनं मला निरखलं आणि लेकीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तुळशे, सणाचे दिस आणि जमीन उघडीच? सारवली न्हाईस?"

अंबाजी इतके हसले की त्यांना खोकला लागला.

पुढे बरीच वर्षं मी फिरले. मग लाँची आल्या, मचव्यांना माल मिळेना. अंबाजींनी शेवटची खेप केली तीही मांदाडची, आणि येताना गोदूबाईला घेऊन आले. "म्हातारीनं येकटं ऱ्हायाचं न्हाय," असं त्यांनीच ठरवलं. शिडात वारा भरला तशी ती घाबरली आणि दिघी येईपर्यंत माझी कड धरून बसली.

मचवा मोडला तेव्हा तुळशीनं माझ्या फळ्या मागून घेतल्या. आता मी पडवीतली खाट आहे. मला चार पाय फुटलेत, हे अजून नवलाचं वाटतं. दुपारी गोदूबाई माझ्यावर आडवी होते. तुळशी तिच्या अंगावर पातळ टाकून आपल्या कामाला लागते. म्हातारीला डुलकी लागते, पण तिचा एक हात माझी कड घट्ट धरून असतो.

मी आता हलत नाही, बायांनो. तिला कोणीतरी सांगा, ती आपल्या लेकीच्या घरी पोचली आहे.