सून बाहेर हाय

वैशाखात पिंपळदऱ्याच्या ग्रामपंचायतीने पुराची रंगीत तालीम घेतली, तेव्हा गावाला जत्रेचा उत्साह आला होता. भोंगा वाजला, ट्रॅक्टर दारोदार फिरला, गोदाकाठच्या आळीतली माणसं हसतखिदळत ट्रॉलीत चढली आणि टेकाडावरच्या मारुतीच्या सभामंडपात उतरली. पुराचं पाणी पोचणार नाही असं पक्कं छत गावात तेवढंच. कर्णा हातात घेऊन सूचना देत होती तृप्ती, जीवनची बायको, पंचायतीच्या आपत्ती पथकातली एकुलती एक बाई. "एकही माणूस मागं राहणार नाही," हे सूचनेचं शेवटचं वाक्य तिनेच लिहिलं होतं आणि ते म्हणताना तिला जरा ऐटच वाटायची.

तालीम आटोपल्यावर तिने सरपंच लताबाईंना बाजूला घेऊन विचारलं, की पाळीतल्या बायकांनी त्या दिवशी देवळात यायचं की नाही. लताबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, जीव वाचवायच्या टायमाला कसली शिवाशिव? मी हाय ना." बाईच सरपंच आहे म्हटल्यावर बाईचं दुखणं तिला कळणारच, असं तृप्तीला वाटलं. तुम्हाआम्हालाही तसंच वाटलं असतं.

घरात मात्र जुनंच चालू होतं. पाळी आली की, म्हणजे घरच्या भाषेत ‘बाहेर’ असली की, तृप्तीने परसातल्या कांदाचाळीच्या कोपऱ्यात बसायचं आणि सासूने, नवसाबाईंनी, लांबून ताट सरकवायचं. जीवन मोठा समजूतदार. तो म्हणायचा, आईच्या समाधानासाठी बस, मी थोडाच मानतो! न मानणाऱ्यांचं हे बरं असतं, त्यांना काही करावंच लागत नाही.

श्रावणात धरणातून पाणी सोडलं, त्या दुपारी तृप्ती चाळीतच होती. मोबाइल घरात चार्जिंगला लावलेला. भोंगा झाला, मागोमाग ट्रॅक्टरची घरघर आली आणि कर्ण्यावरून कुणीतरी तिचंच वाक्य म्हणालं, एकही माणूस मागं राहणार नाही. तिने पदर खोचला आणि ती वाट पाहत उभी राहिली. परसातून रस्त्यावर जायचं तर घरातूनच, चुलीवरून आणि देवघरावरून जावं लागे. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी पथकातली ही पोरगी, पण तिचाही पाय उचलेना. जीवन हाक मारील, मग जाऊ, असं ती स्वतःला सांगत राहिली. ट्रॅक्टर दारात थांबला. नवसाबाईंचा आवाज आला. मग ट्रॅक्टर निघून गेला.

पाणी पोटऱ्यांना लागलं, तेव्हा ती मागच्या दाराने घरात घुसली, देवांकडे न बघता पुढच्या दाराशी आली आणि दार ओढलं. दाराला बाहेरून कुलूप होतं.

कितीतरी वेळ ती आतून दार खडखडवत राहिली. किल्ली जीवनकडेच असायची; कुलूप नवऱ्याच्या हातचं आहे, हे तिच्या मनात शिरायला तेवढा वेळ लागला. मग ती परसात धावली आणि चाळीच्या पत्र्यावर चढून बसली. नदीत मासे धरणाऱ्या भिकनला ती लांबून दिसली. त्याने होडी आणली आणि तिचा हात धरून तिला उतरवून घेतलं.

देवळाच्या पायऱ्यांशी तालुक्याहून आलेले साहेब धावत पुढे आले. शहरातला माणूस, चेहरा पांढराफटक पडलेला. "अहो ताई, तुम्ही तर आधीच गेला होता ना? घरात कोण राहिलंय म्हणून मी विचारलं, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, सून बाहेर हाय."

तृप्तीला सगळं कळलं. साहेबांना नव्हतं कळलं, पण त्या वेळी ट्रॉलीत उभ्या असलेल्या लताबाईंना कळलं होतं, आणि कुलूप लावणाऱ्या जीवनलाही.

"तुम्ही तिथंच होता ना?" तिने नवऱ्याला विचारलं.

"एवढ्या माणसांत कसं सांगायचं?" जीवन खाली बघत पुटपुटला. "आन् म्हटलं, पाणी काय तिथवर येत नाय."

लताबाई लगबगीने आडव्या आल्या. मंडपात नको, उगाच वाद होतील, पायरीवर बस, मी घोंगडी देते, असं त्या हळू आवाजात सांगू लागल्या. वैशाखातला तो हात आता तिला थोपवायला पुढे आला होता. तृप्तीला रडू आलं, आणि त्या रडण्यातच तिने साहेबांच्या हातातला कर्णा घेतला.

"ग्रामस्थांना सूचना," ती म्हणाली. "मी बाहेर नव्हते. मी घरात होते आणि मला पाळी आलीये. ज्या बायका आत्ता बाहेर असतील, त्यांनी मंडपात यावं. एकही माणूस मागं राहणार नाही."

मग देवळामागच्या ताडपत्रीखालून बायका पुढे आल्या, पाऊस डोक्यावरून निथळत असलेल्या. सगळ्यांत पुढे थंडीने कुडकुडणारी मोहिनी होती, लताबाईंची मुलगी.

मोहिनी आईसमोर येऊन थांबली. "आई, मी येऊ का आत?"

तृप्तीने मोहिनीचा हात धरला आणि दोघी पायऱ्या चढल्या.